सहीचा काटा

नानांच्या वजनकाट्यावर एक हिरवी चिकटपट्टी होती. 'तपासला, बरोबर आहे' असं तिच्यावर लिहिलेलं, त्याखाली तारीख, त्याखाली माझी सही. काटा बरोबर नव्हता. तो बरोबर नाही हे जगात फक्त मला माहीत होतं, कारण तो मीच बिघडवला होता. ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, सख्ख्या भावाला नाही, देवापुढे हात जोडले तरी या विषयाशी आलो की डोळे उघडतो आणि घंटा वाजवून बाहेर पडतो. आज लिहितोय, कारण भीतीची जात बदलली आहे. इतकी वर्षं पकडला जाईन ही भीती होती. गेल्या महिन्यापासून उशीर होईल ही आहे.

नाना म्हणजे आमच्या कारखान्याचे स्टोअरकीपर. नागापूरच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरचे सुटे भाग करणारा आमचा कारखाना, दीडेकशे माणसांचा. मी क्वालिटी विभागात. मालाची मापं बरोबर आहेत का ते बघायचं, आणि ज्या साधनांनी ती मापं घेतात ती साधनं बरोबर आहेत का तेही बघायचं. गेज, मायक्रोमीटर, वजनकाटे. तपासून झालं की हिरवी पट्टी लावायची आणि सही करायची. त्या सहीवर सगळा कारखाना विश्वास ठेवतो. तसा ठेवावाच लागतो, नाहीतर काम पुढे सरकत नाही.

नाना माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. काटकुळे नव्हेत, पण अंगावर एक तोळा जादा नाही असे. सावेडीत राहायचे आणि सकाळी घरून कारखान्यात चालत यायचे. दारात स्कूटर होती, ती त्यांची बायको चालवायची. पावसात छत्री, उन्हात टोपी, थंडीत कानाला मफलर, चालणं तेच. मनमाड रोडच्या कडेने वाहनांच्या समोरून येणारा हा माणूस रिक्षावाल्यांना इतका पाठ झाला होता की कुणी थांबून विचारायचंसुद्धा नाही. नवीन एखादा थांबलाच तर नाना म्हणायचे, "धन्यवाद हो, पण माझी गाडी चालू आहे."

बोलणं सगळं स्टोअरमधलं. पोट सुटलेल्या माणसाला पोट सुटलंय असं ते कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, "डेड स्टॉक झालाय." वर्षानुवर्षं न हललेला माल, त्याला आमच्याकडे डेड स्टॉक म्हणतात. "आवक बघा, जावक बघा. जावक नसताना आवक घेतली तर माल कुठे ठेवणार? कमरेला!" असं म्हणून ते समोरच्याच्या कमरेकडे बोट करायचे. मला 'राजे' म्हणायचे. का, ते माहीत नाही. बहुतेक माझ्या चालण्यावरून. तेव्हा माझं वजन सत्त्याण्णव किलो होतं.

जेवायची तऱ्हा तर बघण्यासारखी. डब्यात लहान मुलाची असावी तेवढी ताटली. आधी काकडी नाहीतर मुळा, मग मटकीची किंवा हरभऱ्याची वाटीभर उसळ, मग पालेभाजी, आणि सगळ्यात शेवटी ज्वारीची एक भाकरी. घास तोंडात गेला की हात मांडीवर. तो घास पूर्ण चावून खाली उतरेपर्यंत हात मांडीवरून उठायचा नाही. आम्ही चौघे जेवून, हात धुऊन, पंखा कुणाकडे फिरवायचा यावर भांडून मोकळे व्हायचो तरी नाना उसळीतच. कुणी घाई केली तर म्हणायचे, "मेंदूला पावती मिळायला वीस मिनिटं लागतात. तुम्ही पावतीच्या आधीच दुसरी गाडी खाली करता."

पेढा मात्र कधी नाकारला नाही. घ्यायचे, नाकाशी धरायचे, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे आणि पेढा शेजारच्याच्या हातावर ठेवायचे. बऱ्याचदा शेजारी पोपट असायचा. पोपट हा आमच्याकडचा जुना लोडर, पाथर्डीकडचा, नानांच्याच वयाचा. तो म्हणायचा, "नाना, तुमी वास घेतला की पेढ्यातली साखर निम्मी हुती बघा. लई अळणी लागतो."

"मग खाऊ नकोस."

"न्हाई न्हाई, तसं न्हाई म्हणलो मी."

याच पोपटची साखर नानांनी ताळ्यावर आणली. जेवणानंतर स्टोअरमधल्या लोखंडी सळ्यांच्या रॅकभोवती शतपावली असायची. पुढे नाना, मागे पोपट, त्याच्या मागे हळूहळू आठ-दहा जण. नाना मोठ्याने पावलं मोजायचे. पोपटचा दुपारचा चहा बिनसाखरेचा केला, वडापाव आठवड्यातून एकावर आणला, आणि वर्षभराने पोपट रिपोर्टचा कागद घेऊन सगळ्या कारखान्यात फिरला. हे सांगितलं पाहिजे. नाना विक्षिप्त होते, पण त्यांचं सांगणं बरोबर होतं, आणि त्यातून माणसं बरी झाली होती.

आता काटा. मालासाठी नवा काटा आला तेव्हा जुना बाद झाला. नानांनी तो भंगारात जाऊ दिला नाही. स्टोअरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवला आणि त्यावर माणसं तोलायला सुरुवात केली. दर सोमवारी, पाळी सुरू होण्याआधी. चपला काढायच्या, मोबाईल टेबलावर, किल्ल्या पोपटच्या हातात. नाना स्वतः आधी उभे राहायचे. "सहासष्ट!" वर्षानुवर्षं सहासष्ट. शे-दोनशे ग्रॅमची इकडेतिकडे. तो आकडा बघून त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा मी माणसांचा चेहरा फक्त मुलांचे निकाल बघताना पाहिला आहे.

दर महिन्याला ते मला बोलवायचे. "राजे, काट्याला सही करा. सहीशिवाय आकडा म्हणजे अफवा." बाद झालेल्या काट्याला सही करण्याचं मला काही कारण नव्हतं, पण मी वजनं घेऊन जायचो, तपासायचो, पट्टी लावायचो. सावेडीत त्यांच्या घराखालीच औषधाच्या दुकानात काटा होता. त्यावर ते कधी चढले नाहीत. "त्याला कुणाची सही आहे?" म्हणायचे.

मी सोमवारी त्यांना टाळायचो. गेटवरून मागच्या बाजूने जायचो, फोन कानाला लावायचो. सोमवारी सकाळी स्टोअरकडून हाक आली की ऐकूच आली नाही असं दाखवून पाय उचलायचो. हसण्यासारखं आहे, पण शाळेतल्या मारक्या मास्तरांची मला एवढी भीती वाटली नव्हती.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनची पूजा असते, घरची मंडळी येतात. त्या वर्षी माझी मुलगी आली होती, सातवीतली. नवा फ्रॉक, हातात प्रसादाचा पुडा. नानांनी आपल्या काट्यालाही झेंडूचा हार घातला होता. मी मुलीला स्टोअर दाखवत होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

"राजे! आज सुटका नाही. आज काट्याचा सण आहे."

"नाना, आज राहू द्या. घरची मंडळी आहेत."

"म्हणूनच. साक्षीदार हवेत." त्यांनी माझ्या मुलीला विचारलं, "काय गं, बाबांना चढवायचं ना?" ती हसून हो म्हणाली.

मी चढलो. नाही म्हणालो असतो तर जास्त शोभा झाली असती. नानांनी आकडा वाचला, नेहमीच्या ठणठणीत आवाजात, तीसेक माणसांपुढे. "सत्त्याण्णव सहाशे! म्हणजे एक माझ्याएवढा माणूस, आणि वर बत्तीस किलो डेड स्टॉक!"

पोपट म्हणाला, "नाना, साहेबाला दोन हजेऱ्या लावा की मग!"

सगळे हसले. मुलगीही हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. परत जाताना स्कूटरवर मागे बसून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जिलबी नका ना खाऊ आता." मायेनेच म्हणाली. मी स्कूटरचा वेग वाढवला. घरी जाऊन जेवलोही नाही नीट, आणि बायकोने विचारल्यावर पूजेला खाणं झालं म्हणून सांगितलं.

चार दिवसांनी काटा तपासायचा होता.

काटा कसा शिकवतात ते सांगतो, म्हणजे मी काय केलं ते कळेल. आधी रिकामा ठेवून त्याला सांगायचं, हे शून्य. मग त्यावर पन्नास किलोची प्रमाणित वजनं ठेवायची आणि सांगायचं, हे पन्नास. त्यापुढे तो जे काही बोलतो ते या शिकवणीवरून. मी त्या दिवशी साडेएकोणपन्नास किलो ठेवले आणि त्याला सांगितलं, हे पन्नास. मग हिरवी पट्टी काढून नवी लावली आणि सही केली. स्टोअरमध्ये कोणी नव्हतं. सगळ्याला मिळून दहा मिनिटं लागली.

सोमवारी नाना चढले. सहासष्ट सातशे. ते खाली उतरले, खिसे चाचपले, पुन्हा चढले. तेच. आकडा त्यांनी नेहमीसारखा मोठ्याने वाचला नाही. पोपटने विचारलं, "किती भरलं?" तर म्हणाले, "आहे तेवढंच."

मला बरं वाटलं. हे लिहायला मी तीन वर्षं घेतली, तर सरळच लिहितो: मला फार बरं वाटलं.

एकाच सोमवारचा खेळ होता. पण पुढच्या तपासणीला मी आणखी अर्धा किलो कमी ठेवला. मधल्या एका सोमवारी त्यांनी मला पुन्हा सगळ्यांसमोर हाक मारली होती, हे खरं. पण ते कारण म्हणून पुरत नाही. मग मी तपासणीची तारीखसुद्धा बघेना. 'जरा बघतो' म्हणून जायचो आणि काट्याला थोडं थोडं खोटं शिकवून यायचो. दीड-दोन महिन्यांत तो खऱ्यापेक्षा चार टक्के जास्त सांगायला लागला. बाकीच्यांचीही वजनं वाढली, त्यांनी ती कँटीनच्या तेलावर ढकलली आणि विसरून गेले. माणसं असं काही मनावर घेत नाहीत. नानांनी घेतलं.

उसळीची वाटी अर्धी झाली. भाकरी अर्धी झाली. सकाळी चालत यायचे ते आता संध्याकाळी चालत परतही जाऊ लागले. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवं भोक पाडलं, ते मी पाहिलं. नानांची बायको, आमच्या वहिनी, एकदा डबा द्यायला गेटवर आल्या होत्या, म्हणजे नाना विसरले म्हणून नव्हे, मुद्दाम ठेवून आले म्हणून. मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या पँटी ढिल्या झाल्यात आणि हे म्हणतात वजन वाढलंय. मी म्हटलं कमरेला हात लावून बघा, तर म्हणतात कापड धुऊन सैल होतं." मी हसलो. काहीतरी म्हणालो. काय म्हणालो ते आठवत नाही.

त्याच आठवड्यात नाना माझ्या केबिनमध्ये आले. आजवर ते कधी आले नव्हते. कामासाठी ते माणसाला स्टोअरमध्येच बोलवायचे. दार लावून घेतलं आणि उभेच राहिले.

"राजे, अडुसष्ट दोनशे."

मी मान हलवली.

"मी खातोय किती ते तुम्ही बघता. चालतोय किती ते सगळा नगर-मनमाड रस्ता बघतो. तरी चढतंय. हे असंच झालं होतं."

"कुणाला?"

तेव्हा त्यांनी थोरल्या भावाचं सांगितलं. भाऊ मिरजगावला शिक्षक होते, मग नगरला आले, माळ्यावरच्या खोलीत राहायचे. वजन वाढत गेलं. वाढतंय हे घरात कुणी बोललं नाही, उलट तब्येत सुधारली म्हणाले. एक दिवस शाळेतून येऊन जिना चढले आणि वरच्या पायरीवर बसले ते बसलेच. वय चोपन्न. "खांदा द्यायला माणसं कमी नव्हती," नाना म्हणाले, "जिना अरुंद होता. भावाला खाली आणता येईना. दोन तास. शेवटी चादरीत बांधून दोरीने, आपण बॉक्स उतरवतो ना, तसा. मी खाली धरायला होतो. त्या दिवसापासून मी कधी अंदाजाने जेवलो नाही."

त्यांचा आवाज तोच होता, ठणठणीत. फक्त एका हाताने माझ्या टेबलाची कड धरलेली होती.

"म्हणून विचारतो. काट्याचं तर काही चुकत नाही ना? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात चुकतंय, तर मी आज घरी जाऊन पोटभर जेवीन."

एवढं सोपं करून दिलं होतं त्यांनी. खोटी पट्टी, माझी नोकरी, तीस माणसांत होणारी शोभा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि ते सगळं जाऊनही मी बोलू शकलो असतो.

मी म्हणालो, "काटा बरोबर आहे, नाना. मी स्वतः तपासलाय."

"मग झालं," ते म्हणाले. "सही आहे म्हटल्यावर प्रश्न नाही. मग दोष माझाच." दार उघडून गेले.

माझी खरी भीती त्या दुपारपासून सुरू झाली. काटा लगेच दुरुस्त करावा तर पुढच्या सोमवारी त्यांचं वजन एकदम तीन किलो उतरलेलं दिसणार; स्टोअरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला ते खपणार नाही, तो काटा उलटा करून बघेल. म्हणून जसा चढवला तसाच हळूहळू उतरवायचा असं मी ठरवलं. दर आठवड्याला थोडं. हे मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

त्याचा परिणाम काय होईल, हे मापं घेणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. काटा उतरू लागला आणि नाना तर खरोखरच उतरत होते. दोन्ही उतरणी एकात एक मिसळल्या. अडुसष्टवरून सहासष्ट, मग चौसष्ट, मग त्रेसष्टच्या आत. नाना काट्यावर उभे राहून हसले, कितीतरी दिवसांनी. "पोपट, गुरुकिल्ली सापडली!" म्हणाले. "अर्धी भाकरीसुद्धा जास्त होत होती मला. शरीराला एवढं लागतच नव्हतं!"

पोपट हसला नाही. "नाना, तुमची हाडं दिसाया लागली हायती. गालाला खड्डं पडल्यात. लई झालं आता."

"काटा बघ, माझे गाल नको बघू."

मी दोन पावलांवर उभा होतो. आधी मी खोटा आकडा दाखवला म्हणून त्यांनी खाणं तोडलं, आणि आता मी तो खरा करत होतो म्हणून त्यांना वाटत होतं, तोडलं हेच बरोबर. जिथून हात घालावा तिथून त्यांच्याच अंगाला लागत होता. सोमवार मला पूर्वी माझ्या वजनासाठी नकोसा व्हायचा. आता शुक्रवारपासूनच तो डोक्यात येऊन बसायचा. घरी फोन वाजला की मी आधी नाव बघायचो. दोनदा मी स्टोअरच्या दारापर्यंत गेलो, एकदा 'नाना' अशी हाकही मारली. त्यांनी वर पाहिलं आणि मी विचारलं, "बेअरिंग आले का?"

नानांनाही मधुमेह होता, त्याची एक गोळी चालू होती, सकाळची. ती ते न चुकता घ्यायचे, कारण ती डॉक्टरांनी लिहून दिली होती. नाश्ता बंद केला होता, कारण तो कुणी लिहून दिलेला नव्हता. गोळी घ्यायची, उपाशीपोटी निघायचं, आणि सरळ रस्त्याने न येता आतून वळसा घालून चालणं वाढवायचं.

एका गुरुवारी ते आठला आले नाहीत. सव्वाआठलाही नाही. गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. मी वेळ नोंदवण्याच्या मशिनपाशी उभा राहून गेटकडे बघत राहिलो. साडेआठला पोपटचा फोन आला. त्याच्या मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

"साहेब, नाना नागापूरच्या पुलाच्या अल्याड पडल्यात. म्या मोटारसायकलवरनं येत व्हतो म्हणून दिसलं. घाम घाम झालाय, मला वळखत न्हाईत. लोक म्हनत्यात दारू प्यालाय म्हातारा. तुमी या बिगीबिगी."

दवाखान्यात कळलं की साखर एकदम खाली गेली होती, आणि पडताना खुब्याचं हाड मोडलं होतं. शिकाऊ डॉक्टरणीने विचारलं, "वजन किती?" वहिनी म्हणाल्या, "एकसष्ट म्हणत होते सोमवारी." ती मुलगी नानांकडे बघून म्हणाली, "एवढं नसेल हो." मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटलं, आता ही काटा आणेल, आता विचारेल, कुठल्या काट्यावर? तिने अंदाजाने आकडा लिहिला आणि ती पुढे गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. नाना आत शुद्धीवर यायचे होते आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

तिथून मी सरळ कारखान्यात गेलो. पन्नास किलोची वजनं काढली, पूर्ण पन्नास, आणि काट्याला खरं शिकवलं. नवी पट्टी, नवी सही. ती सही खरी होती. महिनाभराने तो काटा भंगारात गेला, कारण सोमवारी त्यावर चढायला कोणी राहिलं नव्हतं.

नानांना नंतर कामावर येता आलं नाही. खुबा बसवला, पण तो पाय आखूड राहिला. आता वॉकर घेऊन सोसायटीच्या फाटकापर्यंत जातात आणि येतात, पावलं अजून मोठ्याने मोजतात. मी दर रविवारी जातो. लोक म्हणतात, केवढं धरून ठेवलंय तुम्ही नातं. वहिनी चहा देतात, माझा बिनसाखरेचा. कारण या तीन वर्षांत माझं वजन ब्याऐंशीवर आलं आहे. हे कुणामुळे ते सांगायला नको. लहान ताटली, आधी काकडी, घासागणिक मांडीवर हात, जेवल्यावर शंभर पावलं, रोजचं तासभर चालणं. त्यांचं जे शहाणं होतं ते सगळं माझ्या अंगी लागलं. त्यांच्याकडे उरला तो मी घातलेला वेडेपणा.

गेल्या महिन्यात वहिनी मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. पदराच्या टोकाने डोळे टिपत नव्हत्या की काही नाही, रागावलेल्या होत्या. "भाऊजी, काल दुधावरची साय बोटाने काढून ताटलीच्या कडेला लावली ह्यांनी. वरणाची वाटी परत आली. डॉक्टर म्हणाले, अंगात मांसच राहिलेलं नाही, पुन्हा पडले तर उठायचे नाहीत. आहाराच्या त्या बाईंनी सगळं लिहून दिलं, अंडं खा, डाळ खा, दूध घ्या. हे ऐकून घेतात आणि म्हणतात, माझं शरीर वेगळं आहे. तुमचं एकट्याचं ऐकतील. तुम्ही सांगून बघा."

मी परत आत गेलो. नाना खिडकीशी बसले होते. मनगट इतकं बारीक झालंय की घड्याळ त्यांनी कोपराच्या जवळ सरकवून ठेवलं होतं.

"नाना, खात जा हो थोडं. वहिनी काळजीत आहेत."

"राजे, ती बाई पुस्तकातलं सांगते. माझ्या शरीराचं तिला काय माहीत? निम्मं खाऊन मी वाढत होतो. निम्मं खाऊन! आणि हे कुठल्या दुकानातल्या काट्यावर नाही पाहिलेलं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं, अगदी विश्वासाने. "तुम्हीच तपासला होता ना? तुम्ही साक्षीदार आहात. सांगा त्यांना."

वहिनी दारात उभ्या होत्या. दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "जुनी गोष्ट झाली ती, नाना." आणि चप्पल घालून खाली आलो.

हे छापून आलं तर कदाचित त्यांच्या वाचनात येईल. पण ज्याने तोंडावर खोटं सांगितलं त्याने खरंही तोंडावरच सांगायला हवं, एवढं मला कळतं. त्यांच्यासमोरून परत जाणारी प्रत्येक वाटी माझ्यामुळे परत जाते आहे, आणि ती थांबवायला डॉक्टर लागत नाही, मी लागतो.

मी नानांचं एक बोलणं देणं लागतो: नाना, तुमचं वजन वाढत नव्हतं, काटा मी बिघडवला होता, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. ते मी अजून दिलेलं नाही.